पेटीवर दोन हजार, आत किती?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो, ‘जंप स्टार्टर घेताना पेटीवरच्या आकड्यांवर जाऊ नका.’ जंप स्टार्टर म्हणजे बसलेल्या बॅटरीची गाडी चालू करून देणारी, चिमटे लावलेली बॅटरीची डबी. मग कशावर जायचं, ते लिहायचं राहिलं. त्याची शिक्षा म्हणून संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच धाडला. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. एक तर थेट अमेरिकेतून आलंय, आणि तेही विमानाचं! ते वाचून मला हवाई दलातली वीस वर्षं आठवली. नोकरी सुटल्यावर धुळ्यात मुंबई-आग्रा रस्त्याला बॅटरीचं दुकान टाकलं. आता विमानं फक्त डोक्यावरून जाताना दिसतात, गोंदूरच्या धावपट्टीवरची शिकाऊ पोरांची.

प्रश्न : काका, माझी गाडी पेट्रोलची, १२०० सीसी, एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली आहे. मे महिन्यात तीन आठवडे गावी होते. परत येऊन चावी फिरवली तर नुसती टकटक. ऑनलाइन पाहिलं तर एका जंप स्टार्टरवर ‘२००० अँपिअर, २०,००० एमएएच’ लिहिलंय आणि दुसऱ्यावर ‘८०० अँपिअर’. पहिला स्वस्त आहे. दुसरा घेण्यात काही अर्थ आहे का? — एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : ताई, तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा आधी एक गणित. सेल्फ फिरताना बॅटरीचा दाब दहा व्होल्टच्या आसपास येतो. २००० अँपिअर गुणिले १० व्होल्ट म्हणजे २०,००० वॅट. अश्वशक्तीत सांगायचं तर २७. तळहातावर मावणाऱ्या डबीत २७ अश्वशक्ती असती, तर मी दुकान बंद करून त्या डबीवर रसवंती चालवली असती. तो ‘पीक’, म्हणजे क्षणभराच्या कमाल प्रवाहाचा आकडा आहे. क्षणाच्या कितव्या भागासाठी, किती दाबाला, हे पेटीवर लिहिलेलं नसतं आणि ते मोजण्याची सर्वांना बंधनकारक अशी रीतही नाही. गाडीच्या बॅटरीवर ‘सीसीए’ असा आकडा असतो, त्याला मात्र रीत आहे. उणे १८ अंश थंडीत, सलग ३० सेकंद तेवढा प्रवाह द्यायचा आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब ७.२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. तो आकडा परीक्षा देऊन मिळवलेला असतो. ‘पीक’ म्हणजे शेजारणीने सांगितलेले मुलाचे मार्क.

आता ते २०,००० एमएएच, म्हणजे डबीत किती वीज साठते त्याचं माप. हा हिशोब आतल्या एकेका सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असतो. म्हणजे ७४ वॅट-अवर. गाडीच्या १२ व्होल्टला त्याचे जेमतेम सहा अँपिअर-अवर होतात आणि तुमच्या गाडीची बॅटरी पस्तीसच्या आसपासची असणार. थोडक्यात, ही डबी काही बॅटरीची बदली नाही. पण बदली हवीय कोणाला? तुमचं इंजिन तीन सेकंद फिरवायला दीडशे अँपिअर लागले असं धरा. तीन गुणिले दीडशे गुणिले दहा म्हणजे ४५०० ज्यूल, सव्वा वॅट-अवर. रांजणात पाणी भरपूर आहे, प्रश्न तोटीचा आहे. ते पाणी तीन सेकंदांत बाहेर पडेल का?

तोटी बघायची कशी? पेटी सोडा, चिमट्याची वायर हातात घ्या. करंगळीहून बारीक आणि वर जाड रबर असेल तर ठेवून द्या. चिमट्याच्या दोन्ही जबड्यांना तांबं आहे का, की एकालाच, हे बघा. माहितीपत्रकात ‘पीक’शिवाय ‘स्टार्टिंग’ किंवा ‘क्रँकिंग’ प्रवाह वेगळा दिलेला असला, तर विकणारा निदान लाजतो असं समजा. तुमच्या गाडीला खरे अडीचशे-तीनशे अँपिअर पुष्कळ झाले. बनवल्याची तारीख बघा, कारण लिथियम सेल दुकानात पडूनही म्हातारे होतात. आणि गावातल्या दुकानातून घेणार असाल तर दाखवायला सांगा. मी गिऱ्हाइकासमोर बॅटरीच्या पोलवर मीटर लावतो आणि सेल्फ मारायला सांगतो. फिरताना काटा दहाच्या वर राहिला तर माल चांगला. नऊच्या खाली बुडाला तर पेटीवर काहीही छापलेलं असो. तुमचा ८०० वाला या परीक्षेत पास होण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण वायर हातात घेतल्याशिवाय शब्द देत नाही.

लावताना लाल चिमटा प्लसला. काळा बॅटरीच्या मायनसला न लावता इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून हातभर लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते. तीन-चार सेकंद सेल्फ मारा, नाही लागलं तर मिनिटभर थांबा. लागलं की अर्ध्या मिनिटात चिमटे काढा. बॅटरी पार बसलेली असेल, दोन-तीन व्होल्टवर, तर चिमट्यातल्या छोट्या सर्किटला ती दिसतच नाही आणि ते प्रवाह सोडत नाही. त्यासाठी एक ‘बूस्ट’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की उलट-सुलट जोडणीपासूनचं संरक्षणसुद्धा बंद होतं. म्हणजे आधी चिमटे पुन्हा बघा, मगच दाबा.

पण ताई, खरं काम पुढेच आहे. चांगली बॅटरी तीन आठवड्यांत बसली का? बंद गाडीसुद्धा थोडी वीज पितच असते. २० ते ५० मिलिअँपिअर ठीक मानतात. ५० धरले तर २१ दिवसांत २५ अँपिअर-अवर गेले! पस्तीसातले पंचवीस. त्यात डॅशकॅम किंवा जीपीएसचा डबा कायमचा जोडलेला असेल तर विचारूच नका. सुट्टीला जाताना त्याची पिन काढा, नाहीतर मायनसचा पोल सोडवून जा. गाडी चालू असताना पोलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात का, तेही बघून घ्या. तिथेच कमी असतील तर दोष अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा, आणि डबी रोज लागेल. तुमची एएमटी धक्का मारून चालू होत नाही, तिच्या क्लचलाच वीज लागते. त्यामुळे तुमच्याकडे डबी असणं योग्यच. फक्त मे महिन्यात ती उन्हातल्या गाडीत ठेवू नका. बंद काचांत डॅशबोर्डवर साठ-सत्तर अंशांपर्यंत पारा चढतो. घरातल्या कपाटात ठेवा आणि प्रवासाला निघताना पर्ससारखी उचला.

प्रश्न : माझा ५० एचपीचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला आहे. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रात्र काढावी लागते. गाणी लावतो, कारण झोप आली तर नंबर जातो. पहाटे सेल्फ घेत नाही. मित्र म्हणतो, १२/२४ दोन्ही चालणारा जंप स्टार्टर घे, ट्रकलाही होईल. घेऊ का? — एक ट्रॅक्टरमालक, अकलूज

उत्तर : दादा, घेऊ नका. पैसे वाचवून सांगतो.

तुमचे स्पीकर मी न बघताही ओळखतो, कारण हंगामात अशा ट्रॉल्या दोन शिवारं आधीच ऐकू येतात. अ‍ॅम्प्लिफायर दोनशे वॅट खरा खात असेल तर १२ व्होल्टवर १७ अँपिअर झाले. पाच तासांत ८५. ट्रॅक्टरची बॅटरी असते ऐंशी-नव्वद अँपिअर-अवरची. म्हणजे पहाटेपर्यंत तुम्ही ती अख्खी गाण्यात वाजवून संपवता, आणि त्यात बॅटरीचा काही दोष नसतो. रोज अशी तळापर्यंत उतरवली तर सेल्फसाठी बनवलेल्या बॅटरीच्या पातळ प्लेटा एका हंगामात झडतात. गाण्यांना वेगळी बॅटरी द्या, इन्व्हर्टरवाली जुनी चालेल. तिचा सेल्फशी संबंध ठेवू नका.

आणि तरी पहाटे अडलंच तर? तुमच्या रांगेत शंभर ट्रॅक्टर उभे असतात आणि प्रत्येकात बॅटरी आहे. तुम्हाला चांगली केबल पाहिजे, डबी नाही. बाजारात लाल-काळी जंपर केबल मिळते, ती रबराने जाड आणि तांब्याने रोड असते. सहा चौरस मिलिमीटरच्या तारेतून, जाऊन-येऊन सहा मीटर, तीनशे अँपिअर नेले तर पाच व्होल्ट वाटेतच जळतात. उरलेल्या सातात डिझेल इंजिन फिरणार नाही. तीच तार २५ चौरस मिलिमीटरची घेतली तर सव्वा व्होल्ट जातो. वेल्डिंगवाल्याकडून तांब्याची २५ ची केबल घ्या, दोन तुकडे तीन-तीन मीटरचे, टोकांना पितळी चिमटे दाबून. चांगल्या डबीच्या मानाने हे स्वस्तात होईल आणि तुमच्या पोरापर्यंत टिकेल.

आता ते १२/२४. तुमचा ट्रॅक्टर १२ व्होल्टचा, मोठा ट्रक २४ चा, त्यात दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. दोन्ही देणाऱ्या पेटीला एक खटका असतो. आणि खटका म्हटला की तो एक दिवस चुकीच्या बाजूला असणारच. लळिंग घाटात पावसाच्या रात्री माझ्या पोऱ्याने ट्रक चालू करून दिला आणि तीच पेटी, तशीच २४ वर, मागच्या पिकअपला लावली. मी चहा सांगायला गेलो होतो. आलो तर पिकअपच्या मीटरमधून धूर. मीटर, टेप आणि इंजिनचा कंट्रोल डबा, सगळं माझ्या खिशातून भरून दिलं. पिकअपवाला एवढंच म्हणाला, ‘काय भो, चालू करायला बोलावलं होतं ना?’ तेव्हापासून दुकानात दोन वेगळ्या पेट्या आहेत. २४ च्या पेटीचे चिमटे मी पिवळ्या टेपने गुंडाळलेत आणि ती पेटी १२ च्या गाडीजवळ न्यायची नाही, हा नियम बायकोलासुद्धा पाठ आहे.

अजून एक. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण तुम्ही सेल्फवर पाना टेकवून ट्रॅक्टर चालू करत असाल. रांगेत बरेच जण करतात. त्या वेळी ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो तिथूनच निघतो, आणि पाना धरणारा चाकापुढेच बसलेला असतो. करू नका, बस.

प्रश्न : बाइक १५० सीसी, बीएस-६, किक नाही. कारचा जंप स्टार्टर लावला तर एवढ्या अँपिअरने बाइक जळेल का? — कॉलेज विद्यार्थी, सातारा

उत्तर : नाही. अँपिअर ढकलले जात नाहीत, इंजिनाला लागतील तेवढेच ओढले जातात. व्होल्ट बरोबर, म्हणजे १२ असले की झालं. छोट्या बॅटरीच्या पोलवर मोठे चिमटे एकमेकांना टेकतात, तेवढं सांभाळ. जुन्या कार्ब्युरेटरच्या बाइकला उतारावर धक्का चालायचा. इंजेक्शनच्या बाइकला पेट्रोलच्या पंपासाठीही वीज लागते, म्हणून पार मेलेल्या बॅटरीवर यवतेश्वरच्या घाटात सोडून काही होणार नाही.

प्रश्न : काका, मी मिनेसोटात राहते. आम्ही तिघांनी मिळून १९७६ ची सेसना १७२, चार जणांचं छोटं विमान, घेतली आहे. इथे हिवाळ्यात उणे वीस होतं आणि बॅटरी दर वेळी रडते. हँगरमध्ये (विमानं ठेवायच्या शेडमध्ये) शेजारी १९७८ ची १७२ आहे, तिच्या मालकाकडे विमानाचा म्हणून घेतलेला लिथियम पॅक, म्हणजे जंप स्टार्टर, आहे आणि तो द्यायला तयार आहे. माझ्या कारसाठी वेगळा आहेच. यातला कुठला लावू? आई तुमचं सदर कापून फोटो पाठवते, म्हणून विचारते आहे. — मूळची मिरजेची

उत्तर : पोरी, आईला नमस्कार सांग. आणि शेजाऱ्याचा पॅक लावू नकोस.

दोन्ही विमानं १७२, दिसायला बहिणी, पण वीज वेगळी. १९७८ च्या मॉडेलपासून सेसनाने १७२ ला २८ व्होल्टची वीज दिली. तुझी १९७६ ची १४ व्होल्टची आहे. हे आकडे अल्टरनेटरचे. बॅटरीच्या भाषेत तुझी १२ ची, शेजाऱ्याची २४ ची. त्याचा पॅक २४ चा असणार. तो तुझ्या विमानाला लागला, तर लळिंग घाटातला माझा धूर मिनेसोटात निघेल, आणि विमानाच्या रेडिओची किंमत पिकअपच्या मीटरएवढी नसते. तुमच्या विमानाला बाहेरून वीज द्यायचा प्लग असेल आणि त्याच्या झाकणावर किती व्होल्ट ते ठळक लिहिलेलं नसेल, तर रंगाने लिहून घ्या.

मग कारचा लावायचा का? व्होल्ट जुळतात. पण तुझ्या विमानात बॅटरी कुठे आहे ते आठव. नाकात, इंजिनच्या मागच्या पोलादी भिंतीवर. चिमटे लावायचे म्हणजे काउल, इंजिनवरचं झाकण, उघडायचं, इंजिन चालू करायचं आणि मग कोणीतरी हात घालून चिमटे काढायचे, पंखा हातभर अंतरावर फिरत असताना. चालत्या इंजिनाचा पंखा दिसत नाही. मी हवाई दलात असताना सकाळी ‘ट्रॉली अ‍ॅक’ ओढत न्यायचो, चाकांवरची बॅटऱ्यांची गाडी, दोघांनी ओढायची. आमचे वॉरंट ऑफिसर पहिल्या दिवशी जमिनीवर खडूने रेघ मारून दाखवायचे, प्लग काढणारा माणूस कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार. पंख्याच्या मागून आत, मागूनच बाहेर. वायर कितीही छोटी असो, पुढून वळसा नाही. एका पोराने पुढून दोन पावलं टाकली, तर त्याला त्या दिवशी विमानाला हात लावू दिला नव्हता. तेव्हा राग आला होता.

म्हणून विमानाला बाहेरून वीज द्यायची तर ती त्यासाठी ठेवलेल्या प्लगमधूनच. १७२ ला तो ऐच्छिक होता, तुमच्या विमानाला आहे का ते बघ. असला तर त्याला तीन पिना असतात, दोन जाड आणि एक बारीक. बारीक पीन जोडल्याशिवाय रिले, म्हणजे विजेने चालणारा खटका, ओढत नाही, आणि जोडणी उलटी असली तर तिथेच अडते. कारच्या पॅकला तो प्लग बसवणाऱ्या तयार वायरी मिळतात, पण पॅकच्या चिमट्यातलं ‘स्मार्ट’ सर्किट आणि विमानाचा रिले यांचं जमतंच असं नाही. ‘बूस्ट’ बटण दाबून जमवणं हा विमानावर करायचा प्रयोग नव्हे. विमानासाठीच बनवलेला, १२ व्होल्टचा, त्याच प्लगचा पॅक घ्या. तिघांत वाटला की खर्च जड जाणार नाही. रेडिओचा मुख्य खटका बंद, चाकांना ठोकळे, आणि मास्टर, म्हणजे सगळ्या विमानाच्या विजेचा खटका, कधी चालू करायचा ते तुमच्या विमानाच्या पुस्तकात जसं असेल तसं. वेगवेगळ्या सालच्या १७२ मध्ये हा क्रम वेगळा आहे, त्यामुळे शेजाऱ्याचं ऐकू नकोस. प्लग नसेल तर बॅटरी काढून घरी आण आणि चार्जरला लाव. मला विचारशील तर मी प्लग असतानाही हेच करीन. का, ते सांगतो.

कारच्या इंजिनाला चालत राहायलाही गाडीतली वीज लागते, म्हणून वीज गेली की कार आपला आजार लपवू शकत नाही. तुझ्या विमानाच्या ठिणग्या मॅग्नेटोकडून येतात, तो इंजिनबरोबर फिरून आपली वीज आपणच बनवतो. बॅटरी मेलेली असली तरी एकदा फिरलं की इंजिन गुणगुणत राहतं, आणि माणसाला वाटतं, झालं काम. पण बॅटरी तशीच मेलेली असते. अल्टरनेटरला जागं व्हायलाही आधी थोडी बाहेरची वीज लागते, ती बॅटरीच देते. आणि वर गेल्यावर अल्टरनेटर गेला, तर रेडिओ, दिवे, फ्लॅप (उतरताना खाली करायच्या पंखांच्या मागच्या फळ्या), सगळं त्या पंचवीस अँपिअर-अवरवर. ती भरलेली असली तर तुला उतरायला वेळ मिळतो. पाच मिनिटांपूर्वी डबीने उठवलेली असली तर काय मिळेल?

नव्या डिझेल विमानांना तर मॅग्नेटोही नाहीत. ४ मार्च २००७ ला जर्मनीत श्पायरला एक डायमंड डीए-४२ उडालं. दोन इंजिनं, दोन्ही संगणकावर चालणारी. बॅटरी उतरलेली होती, म्हणून बाहेरच्या विजेवर दोन्ही इंजिनं चालू केली. पुस्तकात लिहिलं होतं, बाहेरून एकच चालू करा, दुसरं विमानाच्या स्वतःच्या बॅटरीवर. ही अट उगाच नव्हती, बॅटरी जिवंत आहे का याची ती परीक्षाच होती. उडाल्यावर चाकं आत घ्यायला खटका ओढला, मोटरने वीज ओढली, दाब पडला आणि दोन्ही संगणक क्षणभर झोपले. दोन्ही इंजिनं बंद. माणसं वाचली. मी ही गोष्ट इथल्या पोरांना सांगतो तेव्हा ते इंजिनच्या संगणकाला शिव्या देतात. मी म्हणतो, बाबांनो, बॅटरी मेली होती हे जमिनीवर सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा पॅकचा उपयोग एवढाच. बॅटरी धडधाकट आहे, पण थंडीने हात आखडलेत, अशा वेळी टेकू द्यायचा. बॅटरी पार बसली असेल, मास्टर रात्रभर चालू राहिला असेल, तर त्या दिवशी उड्डाण नाही. बाहेर काढून सावकाश चार्ज करायची आणि मेकॅनिककडून क्षमता तपासून घ्यायची. विमानाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या साधारण ८० टक्क्यांखाली आल्या की त्या उडायच्या लायकीच्या राहत नाहीत. नेमका आकडा तुमच्या बॅटरीच्या पुस्तकात असेल.

आणि थंडी. सीसीएचा आकडा उणे १८ ला मोजतात म्हणालो ना वर, ती तुझी जानेवारीतली रोजची सकाळ! नाशिकच्या ताईंना तो कागदावरचा आकडा, तुला खरा. पण दर वेळी रडते ती बॅटरी असेलच असं नाही. त्या थंडीत तेलाचा गूळ होतो आणि सेल्फला गुळातून दांडा फिरवावा लागतो. तुझ्या इंजिनासाठी ते बनवणारी लायकॉमिंग कंपनी उणे १२ अंशांच्या खाली आधी इंजिन गरम करायला सांगते. पॅकने इंजिन जोर लावून फिरवलंस तर ते सुरू होईलही, पण तेल वर पोचेपर्यंत आतले भाग कोरडे घासतील. आधी हीटर, मग बॅटरीची गोष्ट. हीटर लावल्यावर निम्म्या वेळा पॅक लागणारच नाही बघ.

पॅक मात्र हँगरमध्ये ठेवू नकोस. गारठलेल्या लिथियम सेलची तोटी आखडते. घरून कोटाखाली घालून ने. शून्याखाली असताना चार्जिंगला तर कधीच लावू नकोस, आत धातूचे पापुद्रे धरतात आणि सेल आतून खराब होतो. उडताना सोबत नेऊ का, असं पुढच्या पत्रात विचारशील. चार माणसांच्या केबिनमध्ये, जिथे पेटलेला पॅक खिडकीतून फेकून देता येत नाही, तिथे मी नेणार नाही. आणि हातात मोजे घालून हाताने पंखा फिरवून चालू करायचा सल्ला तुला कोणी देईल. त्याला चहा पाज आणि घरी पाठव.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेला जंप स्टार्टर एकदाही वापरला नाही. आता काढला तर मधोमध फुगलाय, पण दिवा लागतो. चार्ज करून बघू का? शिवाय मुलगा बंगळूरहून विमानाने येतोय, त्याला नवा आणायला सांगू का? — सेवानिवृत्त लिपिक, कोल्हापूर

उत्तर : साहेब, जुना चार्ज करू नका, दाबू नका, टोचून तर अजिबात बघू नका. दिवा लागतो म्हणजे आत वीज आहे, आणि फुगलाय म्हणजे आत वायू आहे. दोन्ही एकत्र असणं हेच वाईट. घराबाहेर पत्र्याच्या डब्यात, कोरड्या वाळूत ठेवा. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, गाडी दाबते तेव्हाच तो पेटेल. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुकानदाराला बिल दाखवा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडे स्वतः घेऊन जा. नवा घेतलात की दर तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. कॅलेंडरवर अमावास्येला खूण करून ठेवतात तशी खूण करा.

मुलाला सांगा, विमानात तो जमा करायच्या सामानात टाकायचा नाही, हातातल्या बॅगेत ठेवायचा. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा अडचण नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची आधी परवानगी, त्यावर बंदी. वॅट-अवर डबीवर छापलेले हवेत. नुसतं ‘२०,००० एमएएच’ असेल तर सुरक्षा तपासणीतला जवान ३.७ ने गुणत बसणार नाही, तो बाजूला काढून ठेवील. त्यापेक्षा कोल्हापुरातच घ्या, वायर हातात धरून.

आणि एक विनंती. फुगलेला नमुना ‘तुम्हीच बघून सांगा’ म्हणून मला कुरिअरने पाठवू नका. मागच्या महिन्यात एकाने पाठवला. कुरिअरच्या पोराने तो काउंटरवर आपटला आणि विचारलं, ‘काका, मिठाई आहे का?’